सरकत्या दारांच्या इमारतीत एक बिजागरीवाला

तीर्थरूप दाजी,

कमरेतून वाकून नमस्कार. (पूर्वी तो पायांपर्यंत पोचत असे, हल्ली गुडघे मध्येच अडवतात. उरलेलं अंतर तुम्ही मनाने भरून घ्या.) ताईलाही नमस्कार सांगा, पण हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवू नका. ती मध्येच हसते आणि मग पुढचं ऐकत नाही, आणि या पत्रात जे महत्त्वाचं आहे ते पुढेच आहे. तुमची नवी कवळी बसली का? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की बोलताना मधूनच शीळ वाजते आणि समोरचा माणूस मागे वळून बघतो. थोडी कळ काढा. कुठलीही नवी वस्तू जागेवर बसेपर्यंत आवाज करतेच. हे मी बिजागऱ्यांच्या धंद्यात डोक्यावरचे केस घालवलेला माणूस म्हणून सांगतो. ताईचं ब्लडप्रेशर कसं आहे? तुम्ही मिठाचा डबा लपवून ठेवता असं ती म्हणाली. कुठे लपवता तेही तिने मला सांगितलं, तेव्हा जागा बदला.

खरं तर फोनच केला असता. पण तुम्ही फोनवर इतक्या मोठ्याने बोलता की पलीकडच्या खोलीतल्या माणसालाही शब्द न् शब्द कळतो, आणि मला नेमकं पलीकडच्या खोलीतल्या माणसाविषयीच लिहायचं आहे. म्हणजे तुमच्या लाडक्या भाचीविषयी.

इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे शरीराने. डोक्याचं काही सांगता येत नाही. मी दोन दिवस मार्केटिंगच्या एका मोठ्या कॉन्फरन्सला जाऊन आलो. जाताना मला माझा धंदा कळत होता, फक्त पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. आता पुढे काय करायचं याची इतकी उत्तरं मिळाली आहेत की धंदा कोणता होता ते आठवायला कारखान्यात जाऊन पाटी वाचावी लागते.

मुळात मी तिथे का गेलो, ते आधी सांगतो. आपला कारखाना तुम्हाला माहीत आहे. एका भाड्याच्या खोलीत, एका हातोडीवर सुरू केला, तेव्हा पहिली बिजागरी तुमच्याच न्हाणीघराच्या दाराला लावली होती. (ती अजून वाजत नाही ना? वाजली तर कळवा.) गेली दोन वर्षं लेक विक्रीचं काम बघते. हुशार आहे, तुमच्यावर गेली आहे असं तुम्ही म्हणता, माझ्यावर गेली आहे असं मी म्हणतो, आणि तिची आई दोघांकडे बघून गप्प बसते. तर तिचं म्हणणं असं की आता सगळीकडे सरकती दारं येतायत. सरकत्या दाराला बिजागरी लागत नाही, खाच पाडलेली एक लांब पट्टी लागते, तिला बाजारात चॅनल म्हणतात. आपण चॅनल बनवू या, हे ती मला जेवताना, गाडीत, आणि एकदा दाढी करताना आरशात मागे उभी राहून सांगत होती. दाढी करताना माणसाला मान हलवता येत नाही. त्याचा तिने बहुतेक होकार असा अर्थ घेतला, कारण दुसऱ्या दिवशी चॅनलचा नमुना माझ्या टेबलावर. मी तो उचलला आणि सगळ्या कामगारांसमोर ओरडलो की या कारखान्यात ज्या दिवशी चॅनल बनेल त्या दिवशी मी घरी बसेन. एवढ्या मोठ्याने ओरडायचं कारण म्हणजे मागे पत्रा कापायची प्रेस चालू होती. पण नेमक्या 'घरी बसेन'ला मिस्तरीने प्रेस बंद केली, त्यामुळे ते वाक्य गेटवरच्या चहावाल्यापर्यंत पोचलं.

ती नमुना घेऊन गेली. चार दिवसांनी मला कळलं की एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली आहे. दुसऱ्या शहरात. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय, बाबा. इथे माझं काम काय ते सांगा, मी नाही म्हणून कळवते." मी म्हटलं, काम भरपूर आहे. ती म्हणाली, "काम नाही. माझं काम." यातला फरक मला त्या वेळी कळला नाही. शेवटी तिनेच तोडगा काढला. ही कॉन्फरन्स होती. तिचं तिकीट तिने आधीच काढून ठेवलं होतं. म्हणाली, माझ्याऐवजी तुम्ही जा. शिकलेले, धंदा केलेले लोक बोलणार आहेत. ते म्हणाले बदला, तर बदलायचं. ते म्हणाले आहे तेच करा, तर मी परत चॅनलचं नाव काढणार नाही. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, माझे कान शाबूत आहेत, दोन दिवस नीट ऐकून येऊ आणि वाद मिटवू. दाराच्या आवाजावरून कुठली पिन झिजली आहे ते मी जिन्यातून सांगतो. माणसं काय म्हणतात ते कळायला काय अवघड.

इमारतीपाशी पोचलो. पुढचं दार काचेचं, आणि मी हात लावायच्या आतच ते बाजूला सरकलं. मी मागे झालो, ते मिटलं. पुढे झालो, उघडलं. मी वाकून कुठे काय बसवलं आहे ते बघत होतो तर रखवालदार म्हणाला, "काका, आत या नाहीतर बाहेर थांबा. ते दमतं." आत गेलो तर आतली दारं सरकती, कपाटं सरकती, खिडक्या सरकत्या, लिफ्टचं दार तर काय विचारूच नका. होडी विकणाऱ्या माणसाला वाळवंटात आणून सोडावं तसं झालं. मला क्षणभर वाटलं की लेकीने मला भाषणं ऐकायला नाही, ही इमारत बघायलाच पाठवलं. शेवटी लोकांच्या चष्म्यांकडे बघून जरा धीर आला. चष्म्याच्या दांडीला बिजागरी असते, दाजी. लहान असते, पण असते.

नोंदणीच्या टेबलावर एक मुलगी गळ्यात घालायची कार्डं वाटत होती. प्रत्येकाच्या कार्डावर त्याचा धंदा. तिने विचारलं, "आपलं क्षेत्र?" म्हटलं, बिजागऱ्या. तिने यंत्रात शोधलं. बँका होत्या, कपडे होते, प्रवास होता, कुत्र्यामांजरांचं खाणं होतं. बिजागऱ्या नव्हत्या. फार गोड मुलगी. तिलाच वाईट वाटलं. म्हणाली, "मी 'इतर' टाकू का?" तेव्हापासून दोन दिवस मी मोठ्या अक्षरात 'इतर' असं गळ्यात अडकवून हिंडत होतो. लोक हसत हसत जवळ येत, हात पुढे करत, कार्ड वाचत, आणि तोच हात केसांतून फिरवत निघून जात.

आता भाषणांचं सांगतो. पहिला आला तो पांढरे बूट घातलेला माणूस. बूट इतके पांढरे की पहिली पाच मिनिटं मी त्यांच्याकडेच बघत होतो, त्यामुळे सुरुवात हुकली. मग कानावर आलं ते असं: "मित्रहो, तुम्ही मेलेले आहात, फक्त अजून तुम्हाला कुणी कळवलेलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. (मी इकडेतिकडे बघितलं. कुणालाच राग आलेला नव्हता.) जो बदलत नाही तो संपतो, काल जे विकलं ते आज विकू नका, वगैरे. मी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला मध्ये घडी घातली, डावीकडे लेकीचं नाव लिहिलं, उजवीकडे माझं, आणि डावीकडे एक रेघ मारली. मन खट्टू झालं. पण लगेच हिरव्या चष्म्याची एक बाई आली आणि म्हणाली की जगात सगळे बदलतायत, म्हणून जो बदलत नाही तोच उठून दिसतो, आपण जे आहोत तेच राहायचं. पुन्हा टाळ्या. मी तर उभा राहून वाजवल्या आणि उजवीकडे रेघ मारली. मग एक जण म्हणाला, सगळ्यांना विका. त्याच्या मागून आलेला म्हणाला, सगळ्यांना विकायला जाल तर कुणालाच विकणार नाही. एकच ग्राहक डोळ्यांसमोर आणा, तो सकाळी उठून काय खातो, रात्री कशाची काळजी करतो ते मला सांगा. मी डोळे मिटून आपलं मोठं गिऱ्हाईक, तो तिरळा ठेकेदार, डोळ्यांसमोर आणला. तो सकाळी काय खातो ते मला माहीत आहे, आणि रात्री तो कशाचीही काळजी करत नाही, ती त्याच्या वतीने मी करतो. ही रेघ कुणाच्या बाजूला मारायची ते कळेना. घडीवरच मारली.

गोंधळ असा की बोलत होते सगळेच छान. ज्याचं ऐकावं त्याचं पटायचं. माझ्या शेजारी मेणबत्त्यांचा व्यापार करणारा एक गृहस्थ बसला होता. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा, बदला म्हटलं तरी आणि बदलू नका म्हटलं तरी, एकाच वेगाने. मी हळूच विचारलं, "यातलं कुठलं करायचं हो?" तो म्हणाला, "पहिल्यांदाच आलात वाटतं. मी एकही कॉन्फरन्स चुकवत नाही." म्हटलं, मग धंदा कधी करता? म्हणाला, "तोच तर शिकतोय." हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. माणूस भला होता. सहा निरनिराळ्या वासांच्या मेणबत्त्या त्याने मला भेट दिल्या. त्या ताईकडे पाठवतो आहे. (निळी लावू नका. मी लावून पाहिली.)

जेवणाच्या आधी एका पोरसवद्या वक्त्याने सांगितलं की आपला धंदा एवढ्या थोडक्यात सांगता आला पाहिजे की लिफ्टमध्ये एखादा मोठा माणूस भेटला तर त्याचा मजला यायच्या आत त्याला पटला पाहिजे. हे मला एकदम आवडलं. एकतर लिफ्टमधून माणसाला पळता येत नाही. जेवायच्या सुट्टीत सगळे ताटं घ्यायला धावले आणि मी लिफ्टमध्ये जाऊन उभा राहिलो. एक जाडजूड, सूटबूटवाले गृहस्थ आत आले. दार मिटल्याबरोबर मी सुरू झालो: दार म्हणजे माणसाचा पहिला नमस्कार, त्यात कुरकुर नसावी, आम्ही ती राहू देत नाही, पितळ, पोलाद, दोन्हींत, बारीक आकारापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत. छान जमलं होतं. गृहस्थांनी सगळं ऐकलं. मी थांबलो. ते म्हणाले, "संपलं?" म्हटलं, हो. ते म्हणाले, "मग आता बटण दाबू का? तुम्ही पुढे उभे आहात." लिफ्ट हललीच नव्हती. वर पोचेपर्यंत आम्ही दोघं त्या सरकत्या दाराकडे बघत होतो. उतरताना त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि मान हलवली, जशी आपण एखादी गोष्ट आधीच ओळखलेली असली की हलवतो.

दुपारी हिरव्या चष्म्याच्या बाईंनी सगळ्यांना एक प्रश्न विचारला: तुमच्या मागे तुमचे ग्राहक तुमच्याविषयी काय बोलतात? प्रत्येकाने शेजाऱ्याला सांगायचं. मेणबत्तीवाला अर्धा तास बोलला. मी म्हटलं, आमच्याविषयी कुणी काहीच बोलत नाही. तो म्हणाला, अरेरे. आता यात अरेरे काय? बिजागरी चांगली असली की ती आहे हेच लोक विसरतात. लोक तिच्याविषयी बोलायला लागले की समजायचं, माल बिघडला. तीस वर्षं मी मन लावून जे काम केलं ते असं की कुणाला माझी आठवण येऊ नये. आणि इथे प्रत्येक वक्ता सांगत होता की लोकांच्या आठवणीत राहा. दाजी, मी शपथेवर सांगतो, माझं डोकं तेव्हापासून दुखायला लागलं ते आत्ता पत्र लिहितानाही थांबलेलं नाही.

जरा शांत जागा बघावी म्हणून मी मंचाच्या मागच्या बाजूला गेलो, आणि तिथे एक आवाज ऐकला. दार लागल्याचा आवाज. सरकत्याचा फुस्स नव्हे, खऱ्या दाराचा, चौकटीत बसल्याचा. माझे पाय आपोआप वळले. सामान नेण्या-आणण्याचं एक साधं लाकडी दार, बहुधा इमारतीचा तो भाग जुना असावा. मी ते हळूच उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, फळीला कान लावला. काहीच आवाज नाही. वाकून पाहिलं तर बिजागरीच्या पात्यावर आपली खूण, ती अर्धचंद्राची. आपली होती, दाजी. किती वर्षांपूर्वीची कोण जाणे. एवढ्या मोठ्या इमारतीत ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं, पण सांगणार कुणाला आणि काय? की बघा, वाजत नाही.

मी दाराच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला, असा वाकलेला असतानाच पलीकडून कुणी तरी फोनवर बोलत आलं आणि दारापाशीच थांबलं. फळीखालून मला पांढरे बूट दिसले. (जवळून पाहिले तर टाचेला झिजलेले होते.) चोरून ऐकायचं नव्हतं, पण बाहेर आलो असतो तर मी तिथे काय करत होतो ते सांगावं लागलं असतं. तर पांढरे बूट म्हणत होते, "बाबा, दुकान नाही बदलत आपण. फक्त पाटी... हो, आजोबांनी रंगवलेली, माहीत आहे मला... फेकणार नाही. पण अक्षरं वाचता येत नाहीत हो आता... नाही, मी मोठा झालो असं नाही म्हणत..." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग, "बरं." आणि थोड्या वेळाने, "बरं, राहू दे."

आता 'बरं' तुम्हीही ताईला दिवसभर म्हणता. तुमचं 'बरं' म्हणजे चांगलं तेल दिलेलं दार. जातं आणि परत येतं. माझं 'बरं' म्हणजे उघडायला लागलो आहे पण अजून विचार चालू आहे. या माणसाचं 'बरं' तसं नव्हतं. आतून कडी घातल्यासारखं होतं. सकाळी हजार माणसांना मेलेले ठरवणारा माणूस, आणि बापाकडून एक पाटी बदलून घेता येत नव्हती. पण मला त्याचं हसू आलं नाही, कारण तो आवाज मला ओळखीचा होता. गेले पंधरा दिवस तो आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज वाजतो. मी म्हणतो, भाजी घे. ती म्हणते, बरं. मी म्हणतो, उद्या त्या ठेकेदाराकडे जाऊन ये. ती म्हणते, बरं. दाराची कुरकुर मला जिन्यातून ऐकू येते, आणि हे समोर बसून ऐकू आलं नव्हतं. मला वाटत होतं, पोरगी निवळली.

मी दारामागून बाहेर आलो. तो दचकला. "तुम्ही कोण?" मी गळ्यातलं कार्ड पुढे केलं. 'इतर' वाचून त्याचं काही समाधान झालं असं दिसलं नाही. मग मी म्हटलं, "माफ करा, कानावर पडलं. मी पण बापच आहे. एक सांगू? जुनी पाटी काढूच नका. नवी तिच्या शेजारी लावा. बापाला आपली पाटी दिसेल, गिऱ्हाइकाला तुमची." तो म्हणाला, "त्यांना नवी पाटी दिसेल ना पण." म्हटलं, दिसेल. दोन दिवस कुरकुर करतील. नवी वस्तू आहे, जागेवर बसू द्या. तो जरा हसला आणि निघून गेला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचं भाषण त्याचंच होतं. आला, बूट तेच, आणि पहिलंच वाक्य: "नवी पाटी जुन्या पाटीच्या शेजारी लावा." मागच्या पडद्यावर हे एवढालं लिहून आलं. मग त्याने त्याचे तीन अर्थ सांगितले, चित्रं दाखवली, एक वर जाणारी रेघ दाखवली. हॉलमध्ये कडकडाट. मेणबत्तीवाल्याने मला कोपर मारलं, "हे लिहून घ्या, हे सोनं आहे." मी लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, दाजी, वर असंही मनात आलं की काय माणूस आहे, मला दोन दिवसांत जे सुचलं नाही ते याने एका वाक्यात सांगितलं. ओळ पूर्ण झाल्यावर मग आठवलं. आता ही रेघ कुणाच्या बाजूला मारायची? म्हणणं माझं, पण निघतं त्यातून तिचं. बरं, कॉन्फरन्स जे म्हणेल ते ऐकायचं असं ठरलेलं, आणि कॉन्फरन्सने म्हटलं ते मीच आदल्या दिवशी दारामागे म्हटलेलं. म्हणजे शेवटी मी माझंच ऐकायचं की काय? मग जायचं कशाला होतं?

निघताना पांढरे बूट मुद्दाम शोधत आले. म्हणाले, रात्री बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, शेजारी लाव, पण लहान लाव. एवढं सांगताना त्याचा चेहरा असा होता की भाषणाच्या टाळ्यांनाही तसा नव्हता. म्हणाला, "तुमच्या घरी कोण आहे?" म्हटलं, मुलगी. म्हणाला, "तिची पाटी कुठे लावलीत?" मला गाडी पकडायची होती, म्हणून उत्तर द्यायचं राहिलं.

घरी आलो. लेकीने पाणी दिलं, समोर बसली, विचारलं, "काय म्हणाले मग?" दोन दिवसांचं सगळं तोंडाशी आलं आणि मी म्हटलं, "जेवण चांगलं होतं." खरं म्हणजे जेवणही मी लिफ्टच्या नादात नीट जेवलो नव्हतो. ती मग म्हणाली, "बरं." आणि उठून गेली. आज संध्याकाळी कपाटावरची मोठी बॅग खाली आलेली पाहिली.

तर कॉन्फरन्समधून काय शिकलो, असं तुम्ही विचाराल. बदलावं. बदलू नये. लिफ्टमध्ये आधी बटण दाबावं. एवढं नक्की. बाकी, भेटीअंती बोलू म्हणतात तसं, तुमची शीळ थांबली की निवांत बोलू. ताईला मेणबत्त्या पोचल्या की कळवा, आणि दोघं तब्येत सांभाळा.

तुमचा गोंधळलेला मेहुणा,
(हल्ली मुक्काम: इतर)

ता. क. आता मुद्द्याचं. ती तुमचं ऐकते. लहानपणापासून माझ्यापेक्षा तिचा आतोबांवर विश्वास जास्त. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. तुम्ही तिला एक पत्र लिहा, अगदी तुमच्या मनातूनच आल्यासारखं: मागची शेड रिकामी पडली आहे, तिथे तू चॅनलचं काम सुरू कर, पुढे बापाच्या बिजागऱ्या चालू राहू देत, शेडवर पाटी तुझी लाव, त्याची समजूत मी घालतो. मग मला वेगळं पत्र लिहा, जरा रागावून. मी दोन दिवस आढेवेढे घेईन आणि मग सगळ्या कामगारांसमोर सांगेन की दाजींचा शब्द मला मोडता येत नाही. या वेळी प्रेस आधीच बंद ठेवेन. त्या दिवशी घरी बसेन म्हणालो होतो, तर तो एक दिवस बसेन. दुसऱ्या दिवशी येईन. माझ्या या पत्राचा तिच्यापाशी उल्लेख नको. महिनाअखेर जवळ आली आहे.

ता. क. दुसरा. आत्ता मिस्तरी किल्ल्या द्यायला आला होता. त्याला मी सहज, कुणाचं नाव न घेता विचारलं की समजा मागच्या शेडमध्ये चॅनल आणि पुढे बिजागऱ्या, असं केलं तर? तो म्हणाला, "मालक, बाई पहिल्या दिवसापासून हेच म्हणतायत. बिजागऱ्या बंद करा असं कुणी म्हटलंय?" मी म्हटलं, ती चॅनल म्हणाली होती. तो म्हणाला, "चॅनलच्या पुढे पण बोलल्या होत्या. तुम्ही ओरडत होता." मला काही आठवत नाही. माझे कान कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. बहुधा प्रेस चालू असावी.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती आत आली. म्हणाली, "आतोबांना ना? माझाही नमस्कार लिहा. आणि त्यांना म्हणावं, पत्र जरा लवकर टाका." मी विचारलं, कसलं पत्र? म्हणाली, "त्यांना कळेल." आणि माझ्या टेबलावरचा मोजायचा टेप घेऊन गेली. तिला कुणी काय सांगितलं, मला कळत नाही. (मिस्तरी किल्ल्या देऊन मागच्या दाराने गेला होता, पण तो तसा घुम्या माणूस आहे.) आता शेजारच्या खोलीत बॅगेची चेन वाजली. दाराचं मला कळतं, उघडतंय की मिटतंय. चेनचा आवाज दोन्ही वेळा सारखाच येतो, दाजी. तेव्हा तुम्ही आपलं पत्र लिहाच.